उजेड कमी होता, पण कसा?

‘खोलीत मंद प्रकाश होता’ असं वाक्य वाचलं की मला ती खोली दिसत नाही. दिसते ती लिहिणाऱ्याची घाई. दिवा लहान होता की लांब होता? काचेवर काजळी धरली होती? खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं? की बघणाऱ्याचेच डोळे झोपेनं जड झाले होते? या सगळ्यांत उजेड कमीच, पण दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं कमी. मराठीत त्यातल्या बहुतेक तऱ्हांना शब्द आहेत. तरीही ‘मंद’ लिहिला जातो, कारण तो आधी हाताला लागतो.

समानार्थी शब्दांच्या याद्या चाळणं हा माझा जुना छंद. अंधुक, मंद, फिकट, क्षीण, धूसर, पुसट, मलूल, मिणमिणता. असे ओळीनं उभे केले की वाटतं, कुठलाही उचलावा, काम भागेल. पण ‘दिसतं’ हे क्रियापद जोडून बघा. ‘अंधुक दिसतं’ हे आपण सहज म्हणतो. ‘मंद दिसतं’ म्हणत नाही. ‘अंधुक आठवतं’ चालतं, ‘मंद आठवतं’ म्हटलं तर समोरचा आपल्याकडे काळजीनं बघेल. म्हणजे मंदपणा दिव्याकडे असतो आणि अंधुकपणा बघणाऱ्याकडे. दोघांच्या मधल्या हवेत धुकं, धूळ नाहीतर धूर असेल तर धूसर. या चौघांची सुरुवात एकाच ‘ध’नं व्हावी हे मला फार सोयीचं वाटतं. फिकट रंगाचा, पुसट रेषेचा. पुसटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे आधी तिथं काहीतरी ठळक होतं आणि मग ते पुसलं गेलं. पहिल्यापासूनच नीट न उमटलेल्या गोष्टीला पुसट म्हणताना म्हणूनच जरा अडखळायला हवं.

उगम, मधली वाट आणि डोळा. उजेड कुठं कमी पडला हे एकदा ठरलं की निम्मे शब्द आपोआप गळतात. ही विभागणी काही मी कुठल्या व्याकरणात वाचलेली नाही, पण लिहिताना ती उपयोगी पडते.

ती चुकली तर काय होतं याचा एक नामांकित नमुना चित्रकलेत आहे. रेम्ब्रांटनं १६४२ मध्ये एका नागरी रक्षकदलाचं प्रचंड चित्र पुरं केलं. आज सगळं जग त्याला ‘द नाइट वॉच’ म्हणतं. चित्रात रात्र नाही. सावलीच्या जागेत शिरलेली दिवसाच्या उन्हाची तिरीप आहे. पण वरचं व्हर्निश वर्षानुवर्षं काळवंडत गेलं, त्यावर मळ बसला, आणि पुढच्या पिढ्यांना तो रात्रीचा पहारा वाटला. हे नाव चित्रकारानं दिलेलं नव्हे, ते फार नंतर चिकटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र साफ केलं तेव्हा उजेड बाहेर आला, पण तोवर नाव पक्कं झालं होतं. मधल्या पडद्याचा काळेपणा दृश्याच्या नावावर मांडला गेला. आपण ‘मंद’ लिहितो तेव्हा पुष्कळदा हेच करतो.

आता मोजमापाकडे येतो, कारण शब्द आणि मीटर यांचं इथं मुळीच पटत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर पडणारा उजेड साधारण १ लक्स. भर दुपारचं थेट ऊन १ लाख लक्सच्या आसपास. कचेरीतल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असले तर कुणी तक्रार करत नाही. आणि निरभ्र आकाशातली पौर्णिमा? फार तर पाव लक्सच्या घरात. मेणबत्तीच्या उजेडापेक्षाही कमी. तरी मेणबत्तीच्या खोलीला आपण ‘अंधुक’ म्हणतो आणि पौर्णिमेला ‘लख्ख चांदणं’. तोच लख्ख आपण उन्हालाही लावतो, जे त्या चांदण्याच्या लाखो पट प्रखर असतं. मीटरच्या हिशेबानं हा शुद्ध वेडेपणा आहे. डोळ्याच्या हिशेबानं तो बिनचूक आहे, कारण रात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पौर्णिमेत खरोखरच सगळं स्वच्छ दिसतं: पायवाट, झाडाची सावली, लांबून येणारा माणूस. शब्द दिव्याची शक्ती सांगत नाही, डोळ्याला किती जमलं ते सांगतो.

‘पिठूर चांदणं’ तर त्याहून नेमकं. पीठ सांडावं तसं पांढरं, म्हणजे ज्यात रंग नाही असं. चंद्राचा प्रकाश खरं तर सूर्याच्या प्रकाशापेक्षा किंचित तांबूस असतो. त्यात रंग नसतात असं नव्हे, ते आपल्याला दिसत नाहीत.

का दिसत नाहीत, ते शाळेत आपण शिकलेलो असतो आणि विसरलेलोही. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, बारकावा टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी संख्येनं त्यांच्या साधारण २० पट. त्या अगदी थोड्या उजेडावर काम करतात, पण रंग त्यांना कळत नाही आणि बारीक अक्षरंही वाचता येत नाहीत. दिवस मावळताना एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे कारभार जातो, आणि तो एका फटक्यात जात नाही. मधल्या काळात दोघंही अर्धवट कामावर असतात. संध्याकाळी जे काही विचित्र दिसतं ते बरंचसं या अदलाबदलीत.

ती बघायची असेल तर दिवा न लावता एका जागी बसून राहावं लागतं. मी अधूनमधून बसतो. समोर पुस्तकांचं कपाट. एका पुस्तकाची पाठ लालभडक, शेजारच्याची निळी. दिवसा नजर आधी लालवर जाते. उजेड उतरायला लागला की काही वेळ काहीच घडत नाही, मन भलतीकडे जातं. मग लक्षात येतं की लाल पुस्तक तपकिरी झालंय, आणि थोड्या वेळानं चक्क काळं. निळं मात्र अजून तग धरून आहे, उलट शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसतंय, पण त्याला निळं म्हणवत नाही. एक करडा पट्टा. मग पुस्तकांवरची नावं जातात. अक्षरं दिसतात, म्हणजे तिथं काहीतरी छापलेलं आहे एवढं कळतं, पण नजर रोखली की ती विरघळतात आणि नजर बाजूला नेली की परत येतात. शेवटी पुस्तकं एकमेकांत मिसळतात आणि कपाटाची एक काळपट चौकट उरते. भिंत सगळ्यांत शेवटी जाते.

लाल आधी विझतो आणि निळा-हिरवा टिकतो, हे यान पुर्किन्ये या चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९व्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवलं. पहाटेच्या उजेडात लाल फुलं काळपट आणि त्यांची पानं उजळ दिसतात, दिवसा नेमकं उलटं. शंकूपेशींना सर्वांत जास्त जाणवतो तो सुमारे ५५५ नॅनोमीटरचा हिरवट-पिवळा, तर दंडपेशींना ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा. लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत. नजर रोखली की अक्षर नाहीसं होतं त्याचंही कारण इथंच आहे. पडद्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. म्हणून अंधुक तारा बघायचा तर आकाशनिरीक्षक त्याच्या जरा शेजारी बघतात.

हे कळल्यावर माझी वर्णनाची एक सवय बदलली. ‘लाल पडदा अंधारात मंद दिसत होता’ असं आता माझ्याच्यानं लिहवत नाही. त्या उजेडात लाल उरतच नाही. मराठीनं मात्र या अर्धवट रंगांसाठी छान तजवीज करून ठेवली आहे: निळसर, काळसर, हिरवट, काळपट, तांबूस, पांढुरका, धुरकट. रंगाला एक शेपूट जोडलं की तो डळमळतो. संध्याकाळचं वर्णन करताना मी आधी या शेपटांकडे जातो. ती विशेषणं असली तरी त्यांच्यात एक कबुली आहे की बघणाऱ्याला रंगाची खात्री नाही.

खात्रीचाच मुद्दा खगोलशास्त्रज्ञांनीही धरला, हे मला नंतर कळलं आणि फार आवडलं. संधिप्रकाशाचे ते तीन भाग पाडतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा नागरी संधिप्रकाश, ६ ते १२ अंशांचा नाविक आणि १२ ते १८ अंशांचा खगोलीय. आकडे कोरडे आहेत, पण त्यांच्यामागचे प्रश्न बघा. नागरी म्हणजे दिव्याशिवाय बाहेरची कामं साधारण करता येतात. नाविक म्हणजे समुद्रावर क्षितिजाची रेघ अजून ओळखता येते आणि ठळक तारेही उगवलेले असतात. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून जहाजाची जागा काढायची तर दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत, आणि ते याच थोड्या वेळात जमतं. खगोलीय संपला की आकाशातले अगदी क्षीण ठिपकेही शोधता येतात. उजेड किती उरला, याचं उत्तर तिथंही ‘कुणाला काय करता येतं’ असंच दिलेलं आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून तिथली सांज आखूड. ध्रुवांकडे जावं तशी ती लांबत जाते. ५० अक्षांशाच्या पुढं ऐन उन्हाळ्यात कित्येक रात्री तो १८ अंश खाली जातच नाही, संधिप्रकाशच रात्रभर रेंगाळतो. तिथल्या लेखकाला अशा रात्रीसाठी ‘मिट्ट काळोख’ म्हणायची सोय नाही.

आपल्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत, संधिप्रकाश हा शब्द तसा पुस्तकी. बोलताना आपण क्रियापदानं काम भागवतो. झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं. इकडे दिवस कलला, सांजावलं, कडुसं पडलं, अंधारलं. मधेच भलत्या वेळी झाकोळलं. यातल्या उजाडलं, सांजावलं, झाकोळलं यांना कर्ता विचारून पाहा. काय उजाडलं? कोण सांजावलं? उत्तर नाही. शाळेच्या व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता. त्याच प्रकरणात ‘मळमळतं’सुद्धा असतं. मुलांना यात हसू येतं, सांजावणं आणि मळमळणं एका पंगतीला बसलेलं बघून, पण त्यामागं तर्क आहे. दोन्ही आपल्यावर येतात, आपण करत नाही, आणि नेमकी सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही.

म्हणून ‘बाहेर अंधार पसरू लागला होता’पेक्षा मला ‘बाहेर अंधारून आलं होतं’ जास्त खरं वाटतं. पहिल्यात अंधार नावाचा कुणीतरी हातपाय पसरतोय. दुसऱ्यात कुणीच काही करत नाही. (अंधाराला फार हातपाय फुटलेलं लेखन मी सहसा तिसऱ्या परिच्छेदात सोडतो. तो दबा धरतो, गिळतो, कुशीत घेतो. एकट्या अंधारानं करावं तरी किती?)

क्रियाविशेषणांचा खरा घोळ इथं सुरू होतो. ‘दिवा मंदपणे तेवत होता.’ ‘मंदपणे’ ही शब्दकोश उघडून केलेली भर आहे. तेवणं म्हणजेच संथ, स्थिर, मोठा आव न आणता जळणं. भडकणाऱ्या ज्योतीला कुणी तेवते म्हणत नाही. ‘अंधुकपणे चमकणं’, ‘क्षीणपणे लुकलुकणं’ हेही त्याच वळणाचं. आपल्या भाषेत उजेडाची रीत क्रियापदाच्या पोटातच असते, किंवा मग ती आवाजासारख्या जोडशब्दात असते: मिणमिण, लुकलुक, चमचम, लखलख, झगझग, भगभग, ढणढण. उजेडाला आवाज नसतो, तरी आपण तो असा ऐकतो. आणि जरा कान देऊन ऐकलं तर दुबळ्या उजेडाचे शब्द बहुतेक मऊ अक्षरांचे आहेत, म, ण, ल, क. आग वाढली की झ, भ, ढ अशी फुंकर मारून म्हणायची अक्षरं येतात. याला अपवाद निघतील, पण ‘दिवा ढणढण मिणमिणत होता’ हे कुणाच्याही जिभेवर टिकणार नाही.

मिणमिण आणि लुकलुक हेही एकमेकांचे पर्याय नव्हेत. मिणमिणणारा दिवा पेटलेला असतो, पण जेमतेम; वात संपत आली, तेल कमी आहे, कधीही जाईल. त्यात शेवट जवळ आल्याची शंका आहे. लुकलुकणारं जे असतं ते दिसतं, लपतं, परत दिसतं. चांदण्या लुकलुकतात, कारण त्या इतक्या लांब आहेत की डोळ्याला निव्वळ बिंदू भासतात आणि हवेच्या हलणाऱ्या थरांत तो बिंदू सतत हिंदकळतो. ग्रहांच्या छोट्याशा बिंबाला तो धक्का तेवढा जाणवत नाही, त्यामुळे ग्रह शांत दिसतात. शुक्राला लुकलुकायला लावणारा लेखक भेटला की मी पेन्सिल उचलतो. क्षितिजाला अगदी टेकलेला शुक्र कधीतरी लुकलुकतो, हे मान्य. पण बिचाऱ्या लेखकाच्या मनात तेवढं नसतं.

आणि कवडसा? कवडसा हा अंधाराशिवाय होतच नाही. छपराला भोक, खोलीत काळोख, तेव्हा कुठं जमिनीवर उजेडाचा एक तुकडा पडतो. तिरीप म्हणजे त्याची वाट, कवडसा म्हणजे त्याचं ठिकाण. भोक पुरेसं लहान आणि जमीन पुरेशी लांब असली तर तो गोल तुकडा म्हणजे सूर्याचं बिंबच असतं, भोक चौकोनी असलं तरी. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, झाडाखाली शेकड्यांनी. हे बघायला चष्मा लागत नाही, फक्त वर बघण्याऐवजी खाली बघावं लागतं.

उजेड आणखी कमी झाला की डोळा हात टेकतो, आणि भाषा दुसऱ्या इंद्रियांकडे वळते. किर्र काळोख हा कानानं मोजलेला अंधार आहे. त्यातली किरकिर रातकिड्यांची. दाट, गच्च, गडद हे हाताला लागणारे. गुडुप अंधारात बुडी मारल्याचा आवाज येतो, मिट्ट म्हणताना मला तरी मिटलेल्या पापण्या दिसतात. ‘डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही’ यात तर बोट आणि डोळा दोन्ही आहेत आणि उजेडाचं नावही नाही. ‘काळाकुट्ट’ मला त्या मानानं कच्चा वाटतो, कारण पूर्ण अंधार काळा नसतो. बंद, निखालस अंधाऱ्या खोलीत काही वेळ डोळे उघडे ठेवले की जे दिसतं ते करडं असतं, हलकं सळसळणारं. डोळ्यातल्या पेशी बाहेर काही नसतानाही थोड्या थोड्या कुजबुजत राहतात. खरा काळा बघायचा तर शेजारी पांढरं लागतं, आणि पांढऱ्यासाठी उजेड लागतो.

अशा अंधारात क्रियाविशेषणं माणसाला लावावीत, काळोखाला नव्हे. चाचपडत, ठेचकाळत, अंदाजानं, पायानं पायरी शोधत, हात पुढं करून. ‘ती चाचपडत दारापर्यंत गेली’ म्हटलं की अंधार किती होता हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि वेळही लक्षात ठेवावा. उजेडातून आत आल्यावर शंकूपेशी जमतं तेवढं साधारण १० मिनिटांत जुळवून घेतात. दंडपेशींना पुरतं सरावायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. तेव्हा आत पाऊल टाकताच कोपऱ्यातला चेहरा ओळखणारं पात्र एकतर खोटं बोलतंय किंवा त्याच्या लेखकाला उशीर होत होता. अर्ध्या तासानं तोच चेहरा दिसेल, पण त्यातलं नाक-डोळे नव्हे, नुसता एक फिकट गोल. हळूहळू दिसायला लागणं हा स्वतःच एक प्रसंग असू शकतो, आणि तो लिहिणारे थोडे आहेत.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. हे सगळे शब्द ज्योतीच्या काळात घडले, आणि आजचा दुबळा उजेड ज्योतीसारखा वागत नाही. टीव्हीखालचा तो लाल ठिपका मिणमिणत नाही; त्याची वात संपत आलेली नसते, तो वर्षभर तसाच राहील. राउटरचा हिरवा ठिपका लुकलुकतो, तिथं जुना शब्द चपखल बसला. पण अंधाऱ्या खोलीत मोबाइल बघत पडलेल्या माणसाच्या तोंडावरचा उजेड? तो खालून येतो, नाकाची सावली कपाळाकडे जाते, डोळ्यांत दोन चौकोन चमकतात, पान सरकलं की चेहरा निळसरचा पांढुरका होतो आणि परत निळसर. तो मंद नाही, त्या खोलीच्या मानानं डोळे दिपवण्याइतका आहे. तेवत नाही, मिणमिणत नाही, झगझगतही नाही. काहींनी ‘स्क्रीनचा मंद प्रकाश’ लिहून टाकलंय, ते मी खोडतो. त्याजागी काय लिहायचं ते सापडेपर्यंत मी ‘तोंडावर मोबाइलचा उजेड’ एवढंच ठेवतो, विशेषण न लावता.